केलं तेवढंच, आणि केलं ते सगळं

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. चौकातल्या फ्लेक्सवर आजोबांच्या फोटोखाली ‘शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त करणारे रणझुंजार’ असं छापलंय आणि ट्रंकेत सापडलेल्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे त्यांच्या सैन्यातल्या नोकरीच्या नोंदवहीत, त्याचा मागमूस नाही. तुझे चुलते म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द जास्त बोललं तर कुणाचं काय जातं. आत्या म्हणते, पुण्याला शिकायला पाठवली ती आजोबांची झडती घ्यायला का. आणि रविवारच्या शोकसभेत घरातर्फे बोलायचंय तुलाच. तू लिहिलंयस, ‘खरं बोलले तर आजोबा लहान होतात, आणि खोटं बोलले तर मी.’

हे वाक्य मला बोचलं. खरं बोलल्यानं तुझे आजोबा लहान होतील, हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी?

सांत्वनाचं मी लिहीत नाही. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालणारा, आपल्या घरात, आजी उशाशी असताना गेला. तू रडलीस, रडायलाच हवं होतं. आता पुढचं.

माझं म्हणणं एवढंच आहे: केलं तेवढंच सांग, आणि केलं ते सगळं सांग. यातली पहिली अट तुला कळलीय, म्हणून तू अडून बसलीयस. दुसरी तुला अजून कळलेली नाही, म्हणून तुला वाटतंय की रणगाडे काढून टाकले की सांगायला काही उरतच नाही. फ्लेक्सवर खोटं छापलं म्हणून तू चिडलीस. मला जास्त राग याचा येतो की सबंध गल्लीत एकानंही त्यांना कधी बसून विचारलं नाही, ‘तुम्ही तिथं नेमकं काय करत होता?’ तूही नाही विचारलंस. तुला दोष देत नाही. घरातल्या माणसाला कुणीच विचारत नाही.

तर ऐक. तुझे आजोबा मंगळवेढ्याकडचे. १९६२ ला चीनशी युद्ध झालं आणि देशभर सैन्यभरती वाढली. पुढच्या वर्षी ते खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. पूल बांधणं, रस्ता काढणं, पाण्याची सोय करणं, सुरुंग पेरणं आणि सुरुंग काढणं, हे त्या जवानांचं काम. १९६५ ला आणि १९७१ ला, दोन्ही वेळा ते पंजाबच्या सरहद्दीवर होते. आणि दोन्ही युद्धांत त्यांनी माणसावर एक गोळी झाडली नाही. हे मला त्यांनीच सांगितलं. कंबर तलावावर सकाळी आम्ही फिरायचो, तिथं एका शाळकरी पोरानं त्यांना विचारलं होतं, ‘आजोबा, तुम्ही किती मारले?’ ते म्हणाले, ‘एक बी न्हाई. मारणारं जे जमिनीत पुरल्यालं हुतं, ते म्या काढलं.’ पोरगं हिरमुसून निघून गेलं. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

सुरुंग काढणं म्हणजे काय, हे तुला माहीत असायला हवं, कारण रविवारी तुला तेच सांगायचंय. डिटेक्टर असतो, पण सगळं त्याच्यावर सोडता येत नाही. जमिनीत गंजके खिळे, पत्रे, फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे असतात, सगळ्यांवर तो वाजतो. शेवटी माणूस गुडघ्यावर किंवा पोटावर येतो, हातात प्रॉडर नावाची लांब टोकदार सळई घेतो आणि ती जमिनीत तिरकी खुपसत जातो. तिरकी अशासाठी की टोक सुरुंगाच्या कडेला लागावं. उभी खुपसली तर वरच्या तबकडीवर दाब येतो, आणि संपलं. टोकाला काही कडक लागलं की सळई ठेवायची, हातानं माती बाजूला करायची, खाली आणखी काही बांधून ठेवलंय का ते बोटांनी चाचपायचं. वीतभर जमीन झाली की पुढची वीत. मागं पांढरी फीत अंथरत जायचं. फितीच्या आत पाय, बाहेर मरण. मन थकतं म्हणून थोड्या थोड्या वेळानं माणूस बदलतात. पावसानं, कालव्याच्या पाण्यानं सुरुंग जागचे सरकतात, म्हणून कागदावर जिथं दाखवलाय तिथं तो सापडेलच असंही नाही.

आणि कागद हीच त्यातली मोठी गोष्ट. सुरुंग पेरताना नोंद होते. कुठल्या पक्क्या खुणेपासून किती अंतरावर, किती ओळी, एका ओळीत किती. काढणाऱ्याच्या हातात तोच कागद येतो, कधी पेरणारे दुसरीकडे बदलून गेलेले असतात, कधी जिवंतही नसतात. आजोबा म्हणायचे, ‘मोजून पुरलं, मोजून काढायचं. कागुद खोटा तर पाय गेला.’ पोरी, हे नीट समजून घे. नव्वद पुरले आणि शंभर लिहिले, तर नसलेल्या दहांसाठी जवान दिवसच्या दिवस जमीन टोचत बसतात आणि शेतकऱ्याचं शेत बंदच राहतं. शंभर पुरले आणि नव्वद लिहिले, तर उरलेले दहा नांगराखाली येतात. जास्त लिहिणारा आणि कमी लिहिणारा, दोघांच्याही हातून माणूस मरतो.

ज्यानं सतरा वर्षं या हिशेबावर आपला आणि दुसऱ्यांचा जीव ठेवला, त्याच्या फोटोखाली तुम्ही न उडवलेले रणगाडे मांडता? आणि वर म्हणता, आदर आहे म्हणून?

म्हणून पुन्हा सांगतो. केलं तेवढंच. आणि केलं ते सगळं.

आता पदकांचं. तू फोटो पाठवलेस, बरं केलंस. त्यांना गल्लीनं मेजर केलं होतं, आपल्याकडं प्रत्येक माजी सैनिकाला लोक मेजरच म्हणतात. कागदावर ते हवालदार होते आणि हवालदार हा हुद्दा काही फुकट मिळत नाही. फोटोत रक्षा मेडल दिसतंय, ते १९६५ चं. संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार १९७१ ची. बाकीची सेवेची. शौर्यपदक यात एकही नाही, आणि नाही तर नाही. ही पदकं त्या त्या युद्धाच्या वेळी सेवेत किंवा आघाडीवर हजर असल्याची आहेत. हजर असणं तुला कमी वाटतं का? पदकाची कड भिंगाखाली धरून बघ. नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं सापडेल. तो नंबर आणि डिस्चार्ज बुकातला नंबर जुळवून घे, उद्या खडकीच्या अभिलेख कार्यालयाला काही विचारायचं झालं तर तोच लागतो.

चुलत्यांना वाटतं, गोळी न झाडलेला सैनिक लोकांना काय सांगायचा? त्यांना विचार, राम राघोबा राणे कोण. कारवारकडचे, आजोबांच्याच बॉम्बे सॅपर्समधले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे आपलं सैन्य निघालं तेव्हा वाटेत सुरुंग, तोडून आडवी टाकलेली झाडं, वरून गोळीबार. राण्यांनी जखमी असताना दिवसरात्र ती वाट मोकळी केली आणि रणगाडे राजौरीला पोचले. त्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं, जिवंतपणी ते मिळालेल्या पहिल्या काहींपैकी ते एक. युद्धातल्या शौर्याचा सगळ्यात मोठा मान वाट मोकळी करणाऱ्याला मिळालाय, आणि आपण आपल्या घरातल्या वाट मोकळी करणाऱ्याला रणगाड्यांची खोटी झूल पांघरतोय.

१९७१ ची बसंतरची लढाई घे. अरुण खेत्रपाल हे नाव तुला शाळेपासून माहीत आहे, असायलाच हवं. एकविसाव्या वर्षी त्या पोरानं रणगाड्यातून लढून जे केलं त्याला तोड नाही. पण त्या रणगाड्यांसाठी सुरुंगांतून वाट काढणारे सॅपर्स होते, आणि ती वाट पुरी होण्याआधीच रणगाडे पुढे घालावे लागले. त्या रात्री त्या जमिनीवर ओणवे होऊन काम करणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल तुला? तुझे आजोबा बसंतरला नव्हते, हे इथंच लिहून ठेवतो, नाहीतर रविवारी कुणीतरी त्यांना तिथं नेऊन बसवेल. पण ते त्याच कामाचे होते.

आणि आपण सोलापूरचे. ज्या गावानं भैय्या चौकात डॉक्टर कोटणिसांचं स्मारक केलं त्या गावाला हे शिकवायला लागू नये. १९३८ ला आपला हा पोरगा वैद्यकीय पथकातून चीनला गेला, आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. युद्धात माणसं वाचवणं हेही युद्धातलंच काम आहे, हे भैय्या चौकातून जाणाऱ्या माणसाला कळायला हवं. चार हुतात्म्यांचंही तसंच. १२ जानेवारीला आपण हार घालतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चारही नावं पोरांना पाठ असतात, १९३१ ची येरवड्याची फाशीही. पण कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे, हे किती जणांना ठाऊक आहे? मरण लक्षात राहतं आणि काम गळून पडतं. वाढवून सांगणाऱ्यांना मी मुळातच मानत नाही, पण अर्धं सांगून हात झटकणाऱ्यांवरही माझा तेवढाच राग आहे.

तुला वाटेल, नाना हट्टी आहेत. आहे. वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं, आणि निधनवार्ता हे पान मी कधी दुसऱ्यावर सोडलं नाही. एकदा एका कामगार कार्यकर्त्याची निधनवार्ता आली. त्यात लिहिलं होतं, १९३० च्या मार्शल लॉमध्ये तुरुंगवास भोगला. वय बघितलं तर त्या वेळी हा माणूस पाळण्यातही नव्हता. मी ओळ काढली. घरचे लोक कचेरीत आले, आवाज चढले, वरिष्ठ म्हणाले, जाऊ द्या हो, मेलेल्याचा मान. मी म्हटलं, ओळ घालायची तर माझ्या टेबलावरून घालू नका. त्यांनी दुसऱ्याच्या टेबलावरून घातली. ते घर आजही मला रस्त्यात ओळख देत नाही, बायकोनं मला त्यावरून आयुष्यभर ऐकवलं की तुम्हाला माणसांपेक्षा कागद प्यारा. तसं नाही. त्या माणसानं विडी कामगारांच्या पोरांसाठी रात्रीची शाळा चालवली होती, कंदिलाच्या उजेडात, स्वतःच्या खिशातून पाट्या आणून. खोट्या तुरुंगवासानं जागा खाल्ली आणि रात्रीची शाळा बातमीतून बाहेर गेली. आज त्या शाळेचं नाव घेणारं कुणी नाही. मी त्या दिवशी जे केलं ते उद्या पुन्हा करीन, आणि म्हणूनच तुझ्यापाशी एवढा आग्रह धरतोय.

माझ्या वडिलांचं काय झालं बघ. मिलमध्ये साचे चालवायचे. भोंग्याबरोबर गेले, भोंग्याबरोबर आले. मिल बंद पडली, मस्टर रद्दीत गेले, बरोबरीचे लोक एकेक करून गेले. वडिलांबद्दल लोकांकडं आता दोनच शब्द आहेत, ‘कष्टाळू होते’. कुठल्या खात्यात, किती साच्यांवर, संपाच्या दिवसांत घर कसं चाललं, यातलं काही हाताला लागत नाही. ‘कष्टाळू’ हा शब्द सोलापुरात कुठल्याही माणसाला लावता येतो. तो माझा बाप राहिला नाही त्यात. हे दुःख मला म्हातारपणी फार होतं, आणि तुझ्या हातात अजून सगळं शिल्लक असताना तू ‘रणझुंजार’ की काहीच नाही असा हिशेब घालतेस, तेव्हा माझा धीर सुटतो.

सगळं शिल्लक आहे कारण आजी आहे. तिला बोलतं कर. मी तुला सुरुवात करून देतो.

जुलै १९७२ मध्ये शिमला करार झाला आणि डिसेंबरात दोन्ही सैन्यं मागं आली. युद्ध संपलं, वर्तमानपत्रांसाठी. सॅपर्सचं नाही संपलं. पेरलेलं सगळं काढायचं होतं, कारण ती जमीन शेतकऱ्यांची होती, पंजाबातल्या फाजिल्काच्या बाजूची गव्हाची, कापसाची रानं. माणसं बांधावर येऊन उभी राहायची आणि विचारायची, आमचं शेत कधी देताय. आजोबा त्या दिवसांत तिथं होते. आणि इथं काय होतं? १९७२ चा दुष्काळ. आपला जिल्हा होरपळला होता. विहिरींना तळ लागला, जनावरं कवडीमोलानं गेली. मंगळवेढ्याची काळी जमीन, जिच्या ज्वारीचं नाव सगळीकडं, ती पेरणीविना पडली होती. तुझी आजी, विशीतली, कडेवर तुझे वडील, दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दुपारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, तो पोराला. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी मिळायची. मनीऑर्डर यायची पण त्यात अख्खं एकत्र कुटुंब होतं.

आता हे ऐक, हे मला आजोबांनी अभिमानानं सांगितलं होतं, पदकांबद्दल बोलताना त्यांचा आवाज कधी असा झाला नाही. मुकादम खडीचं माप कमी धरतो अशी बायकांची कुरकुर होती. आजीला लिहिता येत नव्हतं. तिनं आपल्या ढिगाची मोजणी भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवली आणि पगाराच्या दिवशी मुकादमाला घरी बोलावून त्या रेघा मोजायला लावल्या. तिचे पैसे पुरे मिळाले, आणि तिच्यामुळं आणखी काही बायकांचे. आजोबांना हे पत्रातून कळलं, पत्र शाळामास्तरांनी लिहून दिलेलं. ते म्हणाले, ‘तिकडं म्या मोजत हुतो, हिकडं ती मोजत हुती.’ दुसऱ्यांची शेतं मोकळी करणाऱ्या माणसाचं स्वतःचं शेत त्या वर्षी उजाड होतं, आणि घर या बाईनं धरून ठेवलं. शोकसभेत हे नसेल तर त्या सभेला काय अर्थ आहे? केलं ते सगळं सांग, म्हणजे हेही सांग. आजीसमोर सांग. तिच्याकडं बघून सांग.

आणखी एक माणूस आहे ज्याला तुला रविवारी आणायचंय. आजोबांबरोबर एक साताऱ्याकडचा पोरगा होता, वयानं त्यांच्याहून लहान. युद्धबंदीनंतर, सुरुंग काढताना गेला. आजोबा त्याच्या मागच्या फितीवर होते. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं आणि मी पुन्हा विचारलं नाही. ‘लढाईत गेला म्हणत्यात त्याच्या गावात. लढाई कवाच संपली हुती. शेत मोकळं करताना गेला, त्ये सांगा की.’ त्याचं नाव त्यांनी मला सांगितलंय. पत्रात लिहीत नाही, भेटल्यावर सांगतो. आजोबांनी त्याच्याबद्दलही तेच मागितलं होतं जे मी त्यांच्याबद्दल मागतोय. त्या पोराच्या मरणाचा खरा दिवस आणि खरं कारण त्यांना महत्त्वाचं वाटत होतं, आणि मला वाटतं त्यांनी स्वतःबद्दल कधी फुशारकी मारली नाही याचं मूळ तिथं आहे. हे माझं वाटणं आहे, ते म्हणाले असं भाषणात म्हणू नकोस.

सैन्यातून ते १९८० मध्ये परत आले. पुढं एका सूतगिरणीच्या गेटवर वॉचमन होते, गिरणी बंद होईपर्यंत. त्यात सांगण्यासारखं फार नाही, एका वाक्यात सांग, पण वगळू नकोस. काहींना वॉचमन म्हणायला कमीपणा वाटेल. वाटू दे.

चुलत्यांशी भांडू नकोस. फ्लेक्स फाडायला जाऊ नकोस, महिनाभरात ऊन आणि महापालिका दोघं मिळून तो उतरवतील. तोफांची सलामी का दिली नाही म्हणून ते कुणाकुणावर चिडलेत, असंही तू लिहिलंयस. त्यांच्यावर हसू नकोस. बापावर त्यांचं फार प्रेम आहे, आणि बापाला लोकांनी मोठं म्हणावं एवढंच त्यांना हवंय. त्यांना तेच मिळवून दे, खऱ्या गोष्टीनं. मोदी स्मशानात माजी सैनिकांनी पुष्पचक्र वाहिलं तेव्हा ते थरथरत उभे होते, मी बघितलंय. सभेआधी त्यांना एकट्याला गाठ आणि सुरुंगांची, दुष्काळाची, सगळी हकिकत सांग. मला खात्री आहे, त्यांनीही ती कधी ऐकलेली नाही.

आणि आता जे आधी करायला हवं होतं. आजीच्या पेन्शनचं काय केलंत? भाषणाच्या आधी ते. महापालिकेतून मृत्यूचा दाखला घ्या, पेन्शन खात्यात कळवा. कळवायला उशीर केलात आणि त्यांच्या नावावर पुढची पेन्शन जमा झाली तर ती परत वसूल होते, ऐन वेळी आजीच्या हाती काही राहत नाही. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या कागदावर, आजीचं नाव कसं लागलंय ते बघ, डिस्चार्ज बुकात कसं आहे ते बघ, आधारवर कसं आहे ते बघ. भरतीनंतर लग्न झालेल्या या पिढीच्या बायकांची नावं हमखास तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं असतात, कुठं माहेरचं, कुठं सासरचं, जन्मतारीख तर कुणीतरी अंदाजानं टाकलेली. तसं असेल तर प्रतिज्ञापत्र लागेल आणि प्रकरण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत खडकीला जाईल. तिथली माणसं वाट दाखवतात, पण कागद तुला जमवावे लागतील. एका चुकीच्या वेलांटीपायी बायका वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात. नोंद, नोंद म्हणून मी एवढा का ओरडतो, ते तुला त्या खिडकीपुढं उभं राहिल्यावर कळेल.

भाषण पाच मिनिटांचं ठेव. शेरोशायरी नको. ‘पोकळी निर्माण झाली’ नको, ‘कधीही भरून न येणारी’ तर नकोच. गाव, भरतीचं साल, खडकी, दोन युद्धं, काम काय होतं ते नीट समजावून, साताऱ्याचा पोरगा, दुष्काळ, आजीच्या भिंतीवरच्या रेघा, सूतगिरणीचं गेट. ‘शूर’ लिहायचं असेल तर लिही, माझी हरकत नाही, ते होतेच. पण त्याच्या पुढच्याच वाक्यात त्यांनी केलेली एक गोष्ट असली पाहिजे. नसेल तर तो शब्द मी काढणार.

शनिवारी संध्याकाळी ये. मसुदा आण, डिस्चार्ज बुक आण, पीपीओ आणि आजीचं आधार कार्ड आण. आजीला यायचं असेल तर रिक्षानं घेऊन ये, जिना चढायला मी खाली येतो. भिंतीवरच्या रेघांचा हिशेब तिच्याच तोंडून एकदा ऐकायचाय मला, कारण मी तो आजोबांकडून ऐकलाय, आणि त्यात माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर ते तुझ्या भाषणात जायला नको.

तुझे,
नाना